अजिंठ्याच्या दरीतली चित्रशाळा

डिसेंबर-जानेवारीत अजिंठ्याला शाळांच्या सहलींची रीघ लागते. फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या उभ्या राहतात, तिथून पुढचे चार किलोमीटर पर्यटकांच्या बसने, मग पायऱ्या, मग एक नंबरच्या लेण्यापासून रांगेने फेरी. मुले वहीत जे टिपून घेतात ते बहुतेक पाठ्यपुस्तकातलेच असते: इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक, वाकाटक, 1819 साली जॉन स्मिथला लागलेला शोध, 1983 साली युनेस्कोचा जागतिक वारसा. हे सगळे मुलांना ठाऊक असायलाच हवे. पण या जागेला आणखी एक इतिहास आहे आणि तो सहलीत कुणी सांगत नाही. ही दरी दोनदा चित्रशाळा झाली. पहिल्यांदा, ज्यांनी या भिंती रंगवल्या त्यांच्या काळात. आणि पुढे जवळजवळ चौदाशे वर्षांनी, 1844 पासून, जेव्हा माणसे या भिंतींसमोर फळी आणि रंग घेऊन बसली तेव्हा. शहरातल्या मुलांची झाडाझुडपांशी, पाखरांशी ओळख कशी करून द्यावी, याची चर्चा हल्ली पालकसभांपासून महापालिकांपर्यंत सगळीकडे चालते. त्या प्रश्नावर अजिंठ्याच्या दुहेरी इतिहासातून एक नेमके उत्तर हाती लागते असे मला वाटते. माहिती सांगण्याआधी मुलाला पाहायला आणि पाहिलेले काढायला लावावे. आणि चित्र पाहून चित्र काढणे म्हणजे निसर्ग पाहणे, असे मुळीच समजू नये.

आधी जागा. वाघोरा नदी सातकुंडाच्या टप्प्यांवरून खाली उतरते आणि नालाकृती वळण घेऊन बाहेर पडते. त्या वळणाच्या कड्यात बेसाल्टमध्ये तीस लेणी कोरलेली आहेत. बौद्ध भिक्षूंनी अशी जागा का निवडली, याचे एक कारण वर्षावासात आहे. पावसाळ्यात भिक्षू गावोगाव हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यावरून पावसाचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला, अशी कथा विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, आहे. म्हणजे ज्या प्रथेमुळे असे विहार उभे राहिले, तिच्या मुळाशीच पायाखालच्या गवताची काळजी आहे. मात्र लेण्यांना पैसा देणारे लोक रानातले नव्हते. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. त्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. पैठणकडून उत्तरेला उज्जैनकडे जाणारा व्यापारी रस्ता याच डोंगररांगेतून घाट उतरत होता. भिंतींवर राजवाडे, बाजारपेठा, सज्जे, दागिने यांची रेलचेल आहे ती यामुळेच. अजिंठा ही शहरी माणसांनी रानात उभी केलेली वास्तू आहे. म्हणून अजिंठ्याचा शहरातल्या मुलांशी काय संबंध, असे जेव्हा कुणी विचारतो तेव्हा मला तो प्रश्नच फारसा पटत नाही.

आता भिंती जवळून पाहू. दुसऱ्या लेण्यात हंसांची एक पट्टी आहे, 23 हंसांची. कुणाची मान मागे वळलेली, कुणाची खाली झुकलेली, कुणी पंख उचललेले. एकाच ठशाचे दोन नाहीत. पहिल्या लेण्याच्या छतावर चौकटीचौकटींत कमळे आहेत, उमललेली, अर्धी उमललेली आणि कळ्या, आंबे आहेत, आणि कमळांत पाय टाकून दुडक्या चालीने निघालेला हत्ती आहे. सतराव्या लेण्यात आंधळ्या आईकडे परत येणाऱ्या हत्तीची गोष्ट आहे. राजाने पकडून नेल्यावर त्याने खाणे सोडले, म्हणून त्याला सोडून दिले, अशी ती जातककथा. हत्ती सोंडेने आपल्याच कळपातल्या हत्तीला कसा स्पर्श करतो, हे ज्याने कधी नीट पाहिले नाही त्याला हे चित्र जमलेच नसते. आणि इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लेण्यात आतवर उजेड कमी, आणि हत्ती तर समोर उभा असणे शक्यच नाही. म्हणजे चित्रकार आठवून काढत होता. आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांत ज्याला स्मरणचित्र म्हणतात, त्याचा इतका मोठा नमुना दुसरा नसेल. स्मरणचित्राला आधी स्मरण लागते. आणि ते डोळे उघडे ठेवून बाहेर हिंडल्याशिवाय येत नाही.

रंगसुद्धा बहुतेक जमिनीतलेच. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडते ती हिरवी माती. निळा तेवढा लाजवर्द, तो फार दूरून आणलेला. भिंतीवरचे लिंपण मातीचे, त्यात भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू कालवलेले. त्यावर पांढरा पातळ थर आणि मग, लिंपण वाळल्यावर, डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. आजच्या मुलाच्या हातात बाराखणी रंगपेटी आणि तेलखडूंची डबी असते, हे काही वाईट नाही. पण माती चाळून, भिजवून, घोटून तिचा रंग करता येतो हे मुलाने एकदा करून पाहिले, तर भिंतीवरच्या तांबड्या रंगाकडे तो वेगळ्या नजरेने पाहील. मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेला गेरू आणि चुना मिळायला अडचण नाही.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो हलका नाही. अजिंठ्याचा निसर्ग हा निसर्ग नव्हे, तो संकेत आहे. हंस हे प्रतीक, कमळ हे प्रतीक, छतावरचे मकर आणि किन्नर तर कुणी पाहिलेलेच नाहीत. धर्मचित्रांत निरीक्षण शोधणे म्हणजे आपली आजची हौस जुन्या भिंतींवर लादणे. यातला अर्धा भाग मान्य करायला हवा. चित्रकार निसर्ग-अभ्यास करायला बसले नव्हते, ते जातककथा सांगत होते. पण प्रतीकाला एक हंस पुरतो. 23 वेगवेगळ्या ढबींची गरज प्रतीकाला नसते. दुसरा पुरावा दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत आहे. सहा सुळ्यांच्या हत्तीची, षड्दंत जातकाची कथा दहाव्यात इसवी सनापूर्वीच्या काळात रंगवली गेली आणि सतराव्यात पाचव्या शतकात पुन्हा. गोष्ट तीच, मधे पाच-सहाशे वर्षे. नुसता संकेत गिरवायचा असता तर जुनी मांडणी उचलून नव्या भिंतीवर ठेवता आली असती. तसे झाले नाही; दोन्ही ठिकाणी कळप वेगळा, झाडे वेगळी, जनावरांच्या अंगाचा भार वेगळा. संकेत ही चौकट होती आणि चौकटीच्या आत पाहणे चालू होते. मुलांच्या बाबतीतही नेमके हेच हवे असते. त्यांना गोष्ट द्यावी, पण गोष्टीतले जनावर त्यांनी स्वतः पाहिलेले असावे.

दुसरी चित्रशाळा इंग्रजी अमदानीतली. मद्रासच्या फौजेतल्या रॉबर्ट गिलला कंपनी सरकारने 1844 साली या चित्रांच्या नकला करायला नेमले. तो अजिंठ्यात राहिला, इथेच वर्षानुवर्षे खपला, मोठमोठे कॅनव्हास तयार करून त्याने विलायतेला पाठवले आणि त्यांतले बहुतेक 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. मग 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचा शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन हंगामामागून हंगाम इथे येत राहिला. पेस्तनजी बोमनजी त्यांतला प्रमुख. या नकलांचाही मोठा भाग 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेला. उरलेल्यांवरून 1896-97 मध्ये ग्रिफिथ्सचे दोन खंड निघाले. इतिहासाची पुस्तके या आगींपाशी हळहळून पुढे जातात. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती ग्रिफिथ्सची मूळ भूमिका. हिंदी विद्यार्थ्यांना शिकवायला याहून चांगले नमुने मिळणार नाहीत, असे त्याने सरकारला कळवले होते. कॅनव्हास ही निष्पत्ती होती. शाळा हा हेतू होता.

आणि त्या शाळेचे फळ मुंबईत आजही उभे आहे. ज्या वर्षांत कलाशाळेची मुले अजिंठ्यात नकला करीत होती, जवळजवळ त्याच वर्षांत, 1878 ते 1888, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधले जात होते आणि त्यावरचे कोरीवकाम याच कलाशाळेकडे, ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली होते. कमानीतला पिसारा फुलवलेला मोर, खांबांच्या माथ्यावरची पाने, वेलींतून डोकावणारी माकडे आणि पाखरे. अजिंठ्यातली अमुक रेघ टर्मिनसच्या अमुक दगडात उतरली, असे दाखवता येणार नाही आणि मी तसे म्हणतही नाही. पण एकाच शाळेतले हात, एकाच दशकात, एकीकडे हत्ती आणि हंस गिरवतात आणि दुसरीकडे शहराच्या सर्वांत गजबजलेल्या इमारतीवर मोर आणि वानरे कोरतात, याला नुसता योगायोग म्हणता येत नाही. रोज लाखो लोक त्या भिंतीखालून जातात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या एका भिंतीवर किती प्रकारची पाने आहेत हे मोजून काढायचे ठरवले, तर मुंबईतल्या एखाद्या वर्गाला एक अख्खी सकाळ पुरणार नाही.

मात्र या परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. नकलांच्या नादात मूळ चित्रांचे नुकसान झाले. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवले गेले. ते पुढे पिवळे पडले, काळवंडले, आणि ते काढता काढता आजवरच्या संवर्धकांची पुरेवाट झाली. निजामाच्या सरकारने 1920 च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना बोलावले ते पोपडे वाचवण्यासाठी. शिवाय नक्कल करणारा विद्यार्थी भिंतीकडे तोंड करून बसतो, दरीकडे त्याची पाठ असते. हंसाची मान जशीच्या तशी उतरवण्यात तो इतका गुंततो की हंस पाहायची त्याला गरजच उरत नाही. चित्रावरून चित्र काढण्याची ही सवय पुढे आपल्या शाळांत रुजली. फळ्यावरच्या दोन त्रिकोणी डोंगरांमधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि चार आकडे उडवून काढलेली पाखरे: हे चित्र विदर्भात, मराठवाड्यात आणि कोकणात सारखेच निघते. नारळ जिथे उगवत नाही तिथेही निघते. चित्रकलेच्या तासाने मूल निसर्गाजवळ जात नाही, असे म्हणणाऱ्यांचा रोख याच चित्राकडे असतो आणि तो रास्त आहे.

पण याच अजिंठ्याने त्यावरचा उतारही दिला. 1909 ते 1911 या दोन हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकार इथे नकला करायला आली. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा ही तरुण मंडळी आली. हैदराबादेहून सय्यद अहमदही आले, तेच पुढे अजिंठ्याच्या लेण्यांचे क्युरेटर झाले. नंदलालांनी नकला मनापासून केल्या. पण शांतिनिकेतनात कलाभवनाची धुरा हाती आल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याच्या नकला गिरवायला बसवले नाही. त्यांना खोवाईच्या माळावर, झाडांखाली, गुरांजवळ नेले. स्वतः ते पोस्टकार्डांवर येता-जाता रेघा ओढत राहिले: एखादी फांदी, एखादे बकरू, पावसात चिंब झालेला माणूस. अजिंठ्याने काय शिकवले याचा त्यांनी लावलेला अर्थ मला सर्वांत सरळ वाटतो. त्या चित्रकारांनी जसे पाहिले तसे तुम्ही तुमच्या आसपासचे पाहा, एवढाच तो अर्थ. कोल्हापूरचे विनायक मासोजी या कलाभवनात शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. इकडे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी 1932 साली अजिंठ्यावर पुस्तक काढले आणि 1938 साली आपल्या डोंगरावर चित्रसंग्रहालय उभे केले, साताऱ्याच्या माणदेशी मुलखात, जिथे असे काही असेल याची कुणाला कल्पनाही नव्हती.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी हे ठीक, पण लहान मुलांचे काय? त्यांचा पुरावा अजिंठ्यात नाही, तो डहाणू तालुक्यात आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर जे बालशिक्षण उभे केले त्यात महागडी साधने नव्हती. खडे, बिया, पाने, शिंपले, माती हेच सामान. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे जमत नाही म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. इथे निसर्ग हा वेगळा विषय नव्हता. मोजणे, ओळखणे, रंगवणे, रचणे या सगळ्याचा तो कच्चा माल होता. गंमत अशी की आज शहरातल्या नामांकित शाळा ज्याला नवीन समजून त्यासाठी शुल्क घेतात, ते वारल्यांच्या पाड्यांवर ऐंशी वर्षांपूर्वी फुकट चालले होते.

आता सर्वांत नेहमीचा आक्षेप: चित्र काढायला वेळ कुठे आहे, फोटो काढता येतोच की. हा आक्षेप नवा नाही, तो अजिंठ्यातच एकदा येऊन गेला आहे. गिल स्वतः नंतर कॅमेऱ्याकडे वळला. 1864 साली वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या साथीने त्याच्या छायाचित्रांचे पुस्तकही निघाले. तरी त्यानंतर आठ वर्षांनी ग्रिफिथ्सला कुंचले घेऊन यावे लागले, कारण त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग पकडता येत नव्हता आणि लेण्यांतला अंधार त्याच्या आवाक्याबाहेर होता. आजच्या मोबाइलला दोन्ही जमते, हे खरे. पण मुलाच्या बाबतीत फरक तंत्राचा नाही. फोटो काढणाऱ्या मुलाला वडाची पारंबी फांदीतून नेमकी कुठून फुटते हे माहीत असण्याची गरज पडत नाही, चित्र काढणाऱ्याला पडते. पानांची जोडी समोरासमोर आहे की आळीपाळीने, बगळ्याचा गुडघा मागे वाकतो की पुढे, असले प्रश्न पेन्सिल हाती धरल्यावरच पडतात. चित्र वाईट आले तरी प्रश्न पडलेला असतो, आणि मला वाटते शिक्षकाने किंमत त्याची करावी, चित्राची नव्हे.

अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर. म्हणून सुरुवात तिथून नको, छत्रपती संभाजीनगरातूनच व्हावी. दिल्ली दरवाज्याजवळचा सलीम अली तलाव आहे, त्याला नाव मिळाले तेच मुळी पाखरे पाहण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे. मोगलांच्या काळातली हिमायत बाग आहे, तिथे आज कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र आहे. पाणचक्कीचा जुना वड आहे. खाम नदी आहे, जिची अवस्था पाहून मुले जे काढतील ते सुंदर नसेल, तरीही तेही काढावे. हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर पट्टकादंब उतरतात. दूर उत्तरेकडून येणारे हे हंसकुळातले पक्षी. तिथे एक सकाळ बसून माना कशा वळतात हे ज्या मुलांनी काढून पाहिले आहे, ती मुले दुसऱ्या लेण्यात त्या पट्टीसमोर उभी राहिली तर त्यांना कुणी काही समजावून सांगावे लागणार नाही.

लेण्यांच्या आत मात्र वही उघडू नये. श्वासाची वाफ, गर्दी, धक्काबुक्की यांचा ताण त्या भिंतींवर आधीच पुरेसा आहे, आणि नकलांनी काय केले ते आपण पाहिले. आत फक्त पाहावे, आणि बाहेर वाघोरेच्या काठी, पुलाजवळच्या सावलीत बसून आठवून काढावे, जसे त्या चित्रकारांनी काढले. सहलीला आलेल्या मुलांबरोबर फर्दापूर आणि लेणापूरच्या शाळांतली मुले बसली तर आणखी चांगले. दरीतले कुठले झाड कधी फुलते हे त्यांना माहीत असते, आणि आजवर त्यांच्या वाट्याला या लेण्यांचा आला तो मुख्यतः पर्यटकांना रंगीत दगड विकण्याचा व्यवहार. वेळापत्रकाचा प्रश्न उरतो. सहली डिसेंबरात जातात कारण परीक्षा आणि सुट्ट्या तशा बसवलेल्या आहेत. तेव्हा दरी पिवळी पडत चाललेली असते आणि सातकुंडाला पाण्याची बारीक धार असते. सप्टेंबरात नदी वाहती असते, कडा हिरवा असतो आणि शालेय सहलीला एसटीची अर्ध्या भाड्याची सवलत तेव्हाही मिळते. पाऊस ओसरल्यावरचा एखादा मंगळवार धरावा, कारण सोमवारी लेणी बंद असतात. काठावर पाय घसरू नयेत म्हणून दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस ठेवावे, आणि दोन तास लेण्यांना दिले तर एक तास वहीला द्यावा.